जिताड्याचं तळं

"एवढं जाळं ठेवायचं कुठं, माझ्या डोक्यावर?" बायजा चुलीशी वाकून पुटपुटली, पण पडवीत सगळ्यांना ऐकू गेलं.

"डोक्यावर नको गो वहिनी, केसांत मासे अडकतील," जगन म्हणाला आणि नायलॉनच्या जाळ्याचा गठ्ठा त्यानं पायानं भिंतीकडे सारला. आंध्रातून आणला होता, ट्रकच्या सीटमागे घालून.

वीस वर्षं लांबच्या पल्ल्याची गाडी चालवून जगन आज सकाळी मोकळा झाला होता. रोह्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चावी ठेवली, मग जवळच्या वरसे गावातल्या आपल्या खोलीवर गेला आणि बायकोला म्हणाला, "शांती, आवर. गावाला जायचं. कायमचं." दर वर्षी तो म्हणायचा, पुढल्या वर्षी गाडी सोडणार. त्यामुळे या वेळी खरंच सोडतोय, हे शांतीलाही चावी दिल्यावरच कळलं. रोहा ते पेण एस.टी.त ती खिडकीबाहेर बघत बसली. तिला गाडी लागते, असं त्याला वाटलं.

आता तो आईच्या अंगणात पावलं मोजत होता. खाडीकडच्या शेताच्या कोपऱ्यात जिताड्याचं तळं खणायचं होतं. चाळीस पावलं लांब. सव्विसाव्या पावलाला कुंपण लागलं, तशी त्यानं फाटक उघडलं आणि उरलेली चौदा रस्त्यावर मोजली.

"एवढं," तो तिथून ओरडला. "बघितलंस का दादा?"

रघूनं मान हलवली.

"पावसाच्या आधी खणून झालं पायजे. पयल्या वर्षी मासे छोटे छोटे ऱ्हातील. तिसऱ्या वर्षी बघ, एकेक जिताडा मांडीएवढा. बाजारात न्यायचं कामच नाय, लोक बांधावर येऊन घेऊन जातील." परत येऊन तो भावाशेजारी टेकला. "आणि भात हायच. दिवाळीला धाडलास तो तांदूळ बेस होता. गाडीवर शिजवला, तर बाजूचा सरदारजी ताट घेऊन आला. म्हटलं, घरचा हाय, खा."

रघू पायाच्या बोटांकडे बघत राहिला. त्याच्या हातांच्या नखांत गुलाबी रंग बसला होता.

"ह्यो रंग कसला?"

"हमरापूरला जातो. गणपतीच्या कारखान्यात."

"आणि शेत?"

"रिकामा येळ असतो," रघू म्हणाला आणि नख खरवडू लागला.

"चल, शेतावर जाऊन येऊ. जागा दाखवतो."

"जेवून जा," बायजा आतून म्हणाली.

"ऊन उतरू दे," रघू म्हणाला.

"उद्या जाऊ," शांती म्हणाली. "आज दमलाव."

जगननं तिघांकडे बघितलं. "काय, शेतात वाघ सोडलाय काय? तिकडं नाक्यावर शेजारचा कान्हू भेटला. म्हटलं, शेतावर चाललोय, येतोस काय? तो आपला तंबाखूच मळतोय. मळतोय आणि मळतोय."

रघूनं दुसरं नख खरवडायला घेतलं.

घरात एक नियम होता आणि तो जगननंच घालून दिला होता. आपण गाडीवर असताना वाईट बातमी द्यायची नाही. डोक्यात काही शिरलं की पाय ब्रेकवर उशिरा जातो, म्हणायचा. बाप गेला तेव्हा तो आसामच्या वाटेवर होता. गाडी रिकामी करून तो नवव्या दिवशी वरश्याला परतला, तेव्हा शांतीनं त्याला सांगितलं. तो बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला होता, "बरं केलंत." तेव्हापासून फोन आला की घरचे सगळे एकच सांगत. बरं हाय. तो वरश्याला यायचा तोही एखाद दिवस, झोपायला. लगेच पुढची फेरी असायची, गावाला यायला सवडच नसे. म्हणजे गाडीवरच.

त्याची आई, ठमाबाई, कोपऱ्यात भिजलेले वाल सोलत बसली होती. तिनं पाटी बाजूला केली, लुगड्याला हात पुसले.

"जगन, इकडं बस."

तो तिच्यासमोर बसला.

"चावी दिलीस?"

"दिली."

"परत घेता येल?"

"आता कशी येल? माझ्या जागी सकाळीच दुसरा बसला. पनवेल सोडून फुडं गेला पन असंल."

शांती उठून आत गेली.

"म्हंजे आता तू गाडीवर नायस."

"नाय गो आये. तेच सांगतोय मगापासून."

"उद्या पन नाय?"

"कदीच नाय."

रघू म्हणाला, "आये, जेवू दे त्याला." ठमाबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. तिनं जगनचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर आपला हात ठेवला.

"मंग ऐक. दोन वर्सांमागं उधानाला खाडीचा बांध फुटला. तू तवा नागपूरच्या फुडं होतास. रातचा फोन केलास, मी म्हटलं, बरं हाय. शेत नाय ऱ्हायलं रं पोरा. खाडीच हाय तिथं. तिवराची झाडं आलीत, तुझ्या कमरेएवढी."