राजदीपची पहिली किंकाळी

त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, म्हणून दिग्रसची एक जिनिंग मिल मोकळीच पडली होती. तीच आम्हाला हेवी मेटल गाण्यांच्या कार्यक्रमासाठी मिळाली. चार बँड होते, सुरुवात आमची.

"राजदीप, तुह्या बोंबलन्यानं सारी वस्ती पळून जाईन बे," ड्रमवर बसता बसता मी म्हणालो.

तो हसला. मग डोळे मिटून, एकही वाद्य वाजायच्या आत, त्यानं माइकमध्ये अशी लांब किंकाळी फोडली की वरचे पत्रे थरथरले.

पोरं शिट्ट्या मारत होती, तेवढ्यात दार ढकलून शेजारच्या वस्तीतली माणसं धापा टाकत आत शिरली. पुढे तानाबाई, हातात ओकारी काढायला मिठाच्या पाण्याचा तांब्या. मागे दोघांनी खाट उचलून आणलेली.



"सरका रे!" तानाबाई ओरडली. "कोनं फवारनीचं औषध पेलं?"