तिच्या हातचा जोड
वाफेच्या टाकीचं घुमटाकार झाकण दोन तुकडे जोडून केलं होतं. ते वेल्डिंग माझ्या बायकोचं, तिचं शेवटचं. तो जोड किती ताकदीचा धरायचा, हे नकाशावर मला लिहायचं होतं. आत दोष नाही ना हे पाहायला जोडाचा एक्स-रे काढला नाही, तर नियमाने त्याची ताकद पत्र्याच्या सत्तर टक्केच धरतात.

कारखान्याचे मालक म्हणाले, "धरा की सत्तर! पत्रा जाड आहे, भागतंय."

"तिचा जोड मी सत्तर लिहिणार नाही."

"बरं बाबा, शंभर लिहा. वहिनींचा हात सगळ्यांना ठाऊक आहे."

"न तपासता शंभर लिहिलेलं तिला चाललं नसतं. एक्स-रे काढा."

"आणि डाग निघाला तर? त्यांचं शेवटचं काम कापावं लागेल."

"कापू. डागी जोड तिनंही ठेवला नसता."

"नवरा-बायको एकाच माळेचे मणी!" मालक कुरकुरले, पण एक्स-रेवाल्याला बोलावलं.

संध्याकाळी फिल्म दिव्यासमोर धरली. जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ होता. मी नकाशावर शंभर लिहिलं.

फिल्म मात्र हातातून खाली ठेववेना. आजारपणाच्या अख्ख्या वर्षात तिचा एकही एक्स-रे असा आला नव्हता.