सातवी हाक

माझ्या छोट्या ॲनिमेशनपटाच्या शेवटी तोके, म्हणजे ‘तोक्के, तोक्के’ असं ओरडणारी मोठी पाल, ओरडते. तो आवाज खरा आहे. मला शिकायला योग्याकर्ता शहरात पाठवायचं की नाही, हे आईने पालीवर सोडलं, त्या संध्याकाळी मी तो मोबाईलवर रेकॉर्ड केला होता. आमच्या गावात तिच्या प्रत्येक हाकेला ‘जा’, ‘नको’, ‘जा’, ‘नको’ असं मोजतात; शेवटची हाक ज्यावर येईल, ते उत्तर. पाल सात वेळा ओरडली आणि मी कॉलेजात आले. “दृश्यात सहाच हाका बसतात गं,” आवाज जोडणारा दानांग म्हणाला, “सातवी उडवू?” “वेडा आहेस का? सहावर ‘नको’ येतं!” “मग दृश्य दोन सेकंद वाढव.” “सेकंदाला बारा, म्हणजे आणखी चोवीस चित्रं! हात मोडून येतील माझे.” त्याने पडद्यावरच्या आवाजाच्या लाटा मोठ्या केल्या आणि एकदम पुढे झुकला. “गंमत बघ. पहिल्या सहा हाका अगदी सारख्या आहेत, सातवी वेगळीच दिसतेय. दुसरी पाल होती का तिथे?” “छे, एकच होती.” “मग ही कोणाची?” त्याने आवाज पूर्ण वाढवून सातवी हाक पुन्हा ऐकवली. तोक्के! आणि तिच्या पाठोपाठ एक दाबलेला खोकला, लवंगेची सिगारेट ओढणाऱ्याचा. त्या संध्याकाळी वडील नेहमीसारखे सिगारेट ओढत मागच्या ओट्यावर बसले होते. आईसमोर ते ‘जा’ही म्हणाले नव्हते आणि ‘नको’ही. “काय करू? उडवू?” दानांगने हळूच विचारलं. “राहू दे,” मी म्हणाले आणि चोवीस कोरे कागद मोजायला घेतले.