सोमवारची चिठ्ठी

"बाई, तुम्ही पूर्वी मुलांना शनिवारी एक प्रश्न द्यायचात म्हणे. परत सुरू करा की! डोकं चालवू द्या त्यांना," नवे मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना बाकीचं कुणी सांगितलं नव्हतं.

गवाणकर बाई शाळा सुटताना फळ्यावर प्रश्न लिहायच्या. सोमवारी मुलं उत्तराची चिठ्ठी डब्यात टाकायची. नऊ वर्षांपूर्वी प्रश्न होता, 'आपल्या विहिरीच्या तळाशी काय असेल?' सगळ्यांनी घरी बसून मासे, राजवाडे रचले. चौथीतली चैत्राली मात्र रविवारी बघायला गेली. विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि बाईंचे प्रश्न थांबले.

या शनिवारी त्यांनी भीतभीतच लिहिलं, 'ढगाला चव असती, तर कशी असती?'

सोमवारी डबा उघडला. चिंचेसारखी. ताकासारखी. ताईने चोरून दिलेल्या लोणच्यासारखी. तेवीस मुलांच्या तेवीस चिठ्ठ्या वाचताना बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

डब्याच्या तळाला चोविसावी चिकटली होती. ओली. अक्षर त्यांनीच गिरवून घेतलेलं.

'बाई, उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तळाशी वर्ग आहे. फळासुद्धा आहे. फक्त बाई नाहीत.'