हर्षिताची किल्ली

रुचिका दुपारी शाळेत शिकवून घरी परतायची, तेव्हा ओट्यावर दोन कप धुऊन उपडे घातलेले दिसायचे. सकाळी ते तिथे नसायचे.

"हर्षिता असेच ठेवायची," तिचा नवरा विक्रमसिंह एकदा म्हणाला आणि नकळत हसला. हर्षिता त्याची पहिली बायको. लग्नानंतर दोन वर्षांत वारली. रुचिकाला ते हसू झोंबलं. हर्षिताकडची घराची किल्ली ती गेल्यावर कधी सापडलीच नव्हती. ती कुणा बाईला देऊन हा तिला दुपारी घरी बोलावतो, असं रुचिकाच्या मनानं घेतलं.

विक्रम कामासाठी भोपाळला गेला, त्याच दिवशी तिनं टोपी बाजारातून कुलूपवाला बोलावला. "भाभीजी, अब पुरानी चाबी किसी काम की नहीं," म्हणत त्यानं नव्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी ती रजा घेऊन घरीच राहिली. आतून कडी घालून दाराशी खुर्ची टाकून बसली. दुपारी विक्रमचा फोन आला. मागे भोपाळ स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

फोन ठेवला, तोच नव्या कुलपात बाहेरून किल्ली फिरली. अगदी सहज फिरली. दार कडीपाशी अडलं.

"विक्रम, कडी का लावलीस रे?" बाहेरून एक बाई लाडानं म्हणाली.

एकदा तिचं तोंड बघायचंच, म्हणून रुचिकानं कडीला हात घातला.

"आलो गं, राणी," पाठीमागच्या रिकाम्या बेडरूममधून विक्रमचा आवाज आला. इतक्या मायेनं तो रुचिकाशी कधीच बोलला नव्हता.