पूर्वेचं दार

उपग्रह सकाळी जेमतेम दहा मिनिटं बडनेऱ्याच्या आभाळात असायचा आणि गच्चीवरचा अँटेना नेमका तेव्हाच भलतीकडे तोंड करून बसायचा. आकांक्षानं कंट्रोलरमध्ये वेळ, अक्षांश, रेखांश पुन्हापुन्हा भरले. आज चौथ्यांदा उपग्रह हुकला आणि तिचं डोकंच फिरलं.

"भंगार हाय हे यंत्र!"

"त्याले उत्तर दिशा कोनती देली तू?" वडिलांनी, वामनरावांनी, विचारलं.

"घराच्या भिंतीवरून धरली. आपलं दार पूर्वेले हाय ना!"

तरी तिनं मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. दार चक्क आग्नेयेला होतं.

वामनरावांनी घाईनं आवाज खाली आणला.

"तुह्या मायले सांगू नको. वास्तुशास्त्रात आग्नेयेचं दार वाईट म्हनून तर तिनं मले मोर्शीचं घर विकाले लावलं."