गिळलेला शब्द

तोबा तळ्याकाठच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी गाताना तिउर्माला ते पहिल्यांदा दिसलं. शेजारी उभी असलेली तिची नणंद रोसिंता खणखणीत गात होती, पण 'येशू' हा शब्द आला की तिचे ओठ मिटत होते.

"अगं, नेमका तोच शब्द का गिळतेस?" बाहेर आल्यावर तिउर्मानं विचारलं.

"काहीतरीच काय, वहिनी! सगळं तर गायले. कान तपासून घे." खांद्यावरची उलोस शाल सावरत रोसिंता हसली. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

तिचे गुडघे गावात आलेल्या नव्या उपदेशकानं बरे केले होते. कपाळाला तेल लावून तो प्रार्थना करायचा. बायबल त्याला तोंडपाठ होतं.

पुढच्या रविवारी आणखी चौघींचे ओठ मिटले. चौघींच्या कपाळावर तेल चमकत होतं.

तिउर्मा धावतच पाळकांकडे गेली. "त्या माणसाला एकदा येशूचं नाव घ्यायला सांगा हो!"

"घेतो की, बाई," पाळक समजुतीनं म्हणाले. "प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी तो स्पष्ट म्हणतो..." त्यांचे ओठ मिटले, क्षणभरानं उघडले. "झालं समाधान?"

आज अख्खं चर्च गात होतं. तिउर्मानं तेल लावून घेतलं नव्हतं. तो शब्द जवळ आला तशी तिनं बाकाची कड घट्ट धरली. बाकी कुणी गावो न गावो, तिनं डोळे मिटले आणि सगळा जीव ओतून तो शब्द गायला.

त्या क्षणी चर्चमध्ये चिडीचूप शांतता होती; तिचेही ओठ मिटलेले होते.